आधी प्रिंटर, मग टॅब्लेट

तुमची अडचण मला समजली ती अशी: मुख्य काउंटरवर एक आयपॅड ठेवलाय, गर्दीच्या वेळी दुसरा टॅब्लेट हातात घेऊन रांगेतच बिल करायचा विचार आहे, आणि त्यासाठी घेतलेला छोटा ब्लूटूथ प्रिंटर तुमच्या अँड्रॉइड फोनला लगेच जोडला गेला पण आयपॅडला काही केल्या दिसत नाही. प्रिंटर खराब आहे का, आणि दुसरा टॅब्लेट कोणता घ्यावा, असे तुमचे दोन प्रश्न.

प्रिंटर खराब नाही. स्वस्तातले बहुतेक छोटे प्रिंटर जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ वापरतात. त्यात टॅब्लेटला प्रिंटर म्हणजे एक साधी सिरियल केबल वाटते, आणि अँड्रॉइडला ते चालतं. ॲपलच्या उपकरणांवर मात्र अशी जोडणी करायची तर प्रिंटर बनवणाऱ्याने ॲपलच्या एमएफआय ('मेड फॉर आयफोन/आयपॅड') योजनेखाली मान्यता घेतलेली असावी लागते. ती नसेल तर सेटिंगमध्ये कितीही वेळा पेअर करायला जा, काही होणार नाही. अपवाद एकच: प्रिंटरमध्ये कमी ऊर्जेचं ब्लूटूथ, म्हणजे बीएलई असेल आणि तुमच्या बिलिंग ॲपला त्याची भाषा येत असेल, तर मान्यतेशिवायही काम होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी एक कळकळीची विनंती. टॅब्लेट सगळ्यात शेवटी निवडा. आधी बिलिंगचं ॲप ठरवा, मग त्या ॲपच्या यादीत जे प्रिंटर मॉडेलच्या नावासह दिलेत त्यातला प्रिंटर, आणि मग त्या दोघांना चालेल तो टॅब्लेट. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात, कारण टॅब्लेट डोळ्यांना दिसतो आणि प्रिंटर खोक्यासारखा वाटतो. पण दुकान अडतं ते पावतीपाशी. 'ईएससी/पीओएस चालतं' एवढ्यावर जाऊ नका. ही एप्सनने आणलेली आज्ञांची भाषा आहे आणि आज जवळपास सगळेच प्रिंटर ती बोलतात, पण प्रत्येकाची बोली थोडी वेगळी असते. कापण्याची आज्ञा, गल्ला उघडण्याची आज्ञा, चित्र छापण्याची पद्धत यांत फरक निघतात आणि ते दुकान सुरू झाल्यावर कळतात.

कागदाच्या रुंदीबद्दल. ८० मिमीच्या रोलवर प्रत्यक्षात ७२ मिमी छापलं जातं, म्हणजे २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके) हेडवर, म्हणजे छापणाऱ्या पट्टीवर, ५७६ ठिपके. नेहमीचं रोमन अक्षर १२ ठिपके रुंद, म्हणून ओळीत ४८ अक्षरं. ५८ मिमीच्या रोलवर ४८ मिमी, ३८४ ठिपके, ३२ अक्षरं. वस्तूचं नाव, नग, दर आणि रक्कम हे चार रकाने ३२ अक्षरांत बसवायचे म्हणजे नावं तोडावी लागतात. १८० डीपीआयचे काही ८० मिमी प्रिंटर ओळीत ४२च अक्षरं देतात. प्रिंटर बदलल्यावर रकाने अचानक खालच्या ओळीत घसरतात त्याचं कारण बहुधा हेच. मुख्य काउंटरला ८० मिमी घ्या. हातातल्या टॅब्लेटसाठी ५८ चालेल, पण त्याचा पावतीचा नमुना वेगळा बनवा.

आणि मराठीत पावती हवी असेल तर हे नीट वाचा. बहुतेक प्रिंटरच्या आतल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते. असली तरी जोडाक्षरं आणि मात्रा जागेवर बसवणं हे प्रिंटरचं काम नव्हे. ते टॅब्लेटने करायचं, आणि तयार ओळ चित्र म्हणून पाठवायची. चांगली ॲपं हे गुपचूप करतात. वाईट ॲपं प्रश्नचिन्हांची रांग छापतात. चित्र म्हणून छापलं की माहिती बरीच जास्त जाते, वायरवर ते जाणवत नाही, पण ब्लूटूथवर लांब पावती अडखळत अडखळत येते. म्हणून घेण्याआधी 'ज्ञानेश्वर', 'कुर्ता', 'स्ट्रॉबेरी' असे शब्द असलेली वीस ओळींची पावती समोर छापून बघा. दुकानाचं चिन्ह दर वेळी टॅब्लेटवरून पाठवू नका, ते प्रिंटरच्या मेमरीत एकदाच साठवता येतं.

आता जोडणी. जो प्रिंटर जागेवरून हलणार नाही त्याला लॅनची, म्हणजे नेटवर्कची केबल लावा. टॅब्लेट वायफायवर राहू दे, प्रिंटर राउटरला वायरने. दोन्ही टॅब्लेट त्याच प्रिंटरवर छापू शकतात आणि पेअरिंगचा प्रश्नच उरत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) कायमचा राखून ठेवा. हे काम पाच मिनिटांचं आहे, आणि ते न केल्याची किंमत मी पाहिली आहे.

एका कपड्यांच्या दुकानात सगळी मांडणी मीच केली होती. प्रिंटर वायफायवर होता आणि पत्ता राखलेला नव्हता. सेलच्या दिवशी दुपारी वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने प्रिंटरला नवा पत्ता दिला. ॲप जुन्याच पत्त्यावर पावत्या पाठवत राहिलं आणि पडद्यावर मात्र दर वेळी 'छापले' असं दाखवत राहिलं. काउंटरवरच्या मुलीने साहजिकच पुन्हा पुन्हा छापण्याचं बटण दाबलं. ॲप पुरवणाऱ्यांना फोन केला तर 'तुमचं वायफाय कमजोर आहे' एवढंच उत्तर. तासाभराने पत्ता बदलल्याचं माझ्या लक्षात आलं. तो नव्याने भरताच साठलेल्या सगळ्या पावत्या एकापाठोपाठ एक बाहेर पडल्या, एकेका बिलाच्या तीन-तीन. त्यांतल्या काही गिऱ्हाइकांच्या हाती गेल्या, आणि पुढच्या आठवड्यात एकाच खरेदीच्या दोन वेगवेगळ्या पावत्या घेऊन माल परत द्यायला माणसं आली. दोष त्यांचा नव्हता. ती मुलगी मात्र रडकुंडीला आली होती, आणि ते मला आजही टोचतं.

तेव्हापासून मी ॲपला दोन गोष्टी विचारतो. पहिली, प्रिंटरकडून उत्तर वाचतोस का? बरे प्रिंटर कागद संपला, संपत आलाय, झाकण उघडं आहे, कटर अडकला हे सगळं टॅब्लेटला कळवतात. ॲपने ते ऐकलंच नाही तर 'छापले' या शब्दाला अर्थ नाही. दुसरी, पुन्हा छापलेल्या पावतीवर 'दुसरी प्रत' असं आपोआप येतं का? येत नसेल तर ते ॲप मी घेऊ देत नाही.

वायफायचाच प्रिंटर घ्यावा लागला तर बऱ्याच प्रिंटरना फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो हे लक्षात ठेवा. आणि प्रिंटर किंवा टॅब्लेट चुकूनही गिऱ्हाइकांसाठीच्या पाहुण्या नेटवर्कवर ठेवू नका. तिथे बहुधा उपकरणांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही, त्यामुळे दोन्हीकडे इंटरनेट चालतं आणि तरी प्रिंटर सापडत नाही. असंच चकवणारं आणखी एक कारण म्हणजे परवानगी. आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, ॲपला स्थानिक नेटवर्क वापरायची परवानगी विचारावी लागते. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथसाठी 'जवळची उपकरणे' ही वेगळी परवानगी आली. घाईत कुणी 'नको' दाबलं की प्रिंटर गायब. प्रिंटर दिसत नसला की मी आधी हेच तपासतो.

ब्राउझरमध्ये चालणारं बिलिंग घेणार असाल तर अजून एक खोच आहे. सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएसवरचं पान दुकानातल्या प्रिंटरशी साध्या, असुरक्षित एचटीटीपीने सहसा बोलू शकत नाही, ब्राउझर ते अडवतो. त्यावर उपाय आहेत. स्टार या प्रिंटर कंपनीच्या क्लाउडपीआरएनटी या सोयीमध्ये प्रिंटर स्वतःच ठरावीक वेळाने सर्व्हरला विचारतो, 'माझ्यासाठी काही काम आहे का?' कल्पना छान आहे, पण सर्व्हर बाहेर असेल तर इंटरनेट गेलं की पावतीही गेली. ज्यांचं इंटरनेट दिवसातून दोनदा जातं त्यांनी टॅब्लेटवरच साठवणारं आणि थेट प्रिंटरशी बोलणारं ॲप घ्यावं. त्यातही दोन टॅब्लेट असतील तर प्रत्येकाच्या बिल क्रमांकाला वेगळं आद्याक्षर द्या, नाहीतर इंटरनेट नसताना दोघांकडून एकाच क्रमांकाची बिलं निघतील. राउटर आणि प्रिंटर दोन्ही यूपीएसवर ठेवा. टॅब्लेटला बॅटरी आहे, यांना नाही.

गल्ला साधारणपणे प्रिंटरला जोडला जातो. प्रिंटरच्या मागच्या ड्रॉवरच्या खाचेतून विजेचा छोटा झटका जातो, बहुधा २४ व्होल्टचा, आणि खण उघडतो. ही खाच टेलिफोन किंवा लॅनच्या खाचेसारखी दिसते. तिथे लॅनची वायर घालू नका, उपकरण जळू शकतं. हातातल्या छोट्या प्रिंटरला बहुधा ही खाच नसते, तेव्हा रोख पैसे मुख्य काउंटरवरच घ्या आणि रांगेत फक्त कार्ड किंवा फोनवरून पैसे घ्या. आयपॅडमध्ये एनएफसी, म्हणजे कार्ड टेकवून वाचायची सोय, नसल्याने टेकवून पैसे देण्यासाठी वेगळा रीडर लागेलच. पिन तर फक्त त्या रीडरवर किंवा मान्यताप्राप्त ॲपमध्येच टाकू द्या.

कागदाबद्दल लोक फार बोलत नाहीत, मला मात्र बोलावंसं वाटतं. थर्मल कागदाला शाई नसते. लेपात रंगद्रव्य आणि ते फुलवणारं रसायन असतं, हेडच्या उष्णतेने दोन्ही एकत्र येऊन काळं होतं. म्हणूनच ऊन, उष्णता, हाताला चोळायचं अल्कोहोल आणि मऊ प्लॅस्टिकचे पाउच यांनी अक्षरं पुसट होतात. हमीची पावती असेल तर गिऱ्हाइकाला तिचा फोटो काढून ठेवायला सांगा किंवा डिजिटल प्रतही पाठवा. त्या रसायनांमध्ये बीपीए (बिस्फेनॉल-ए, आरोग्याला घातक मानलं जाणारं रसायन) पूर्वी सर्रास असायचं. युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून थर्मल कागदात वजनाच्या ०.०२ टक्के किंवा त्याहून जास्त बीपीएला मनाई केली. दिवसभर पावत्या हाताळणारी माणसं तुमचीच आहेत, तेव्हा बीपीए आणि त्याचा भाऊबंद बीपीएस दोन्ही नसलेले रोल मागा. रोल उलटा बसला तर कोरा कागद निघतो, नखाने ओरखडून बघा, काळी रेघ उमटते ती बाजू हेडकडे. हेड महिन्यातून एकदा, प्रिंटर बंद करून थंड झाल्यावर, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. पावतीत उभी पांढरी रेघ येऊ लागली की बऱ्याचदा तिथे धूळ असते. पुसूनही गेली नाही तर हेडवरचा तो ठिपका मेला.

टॅब्लेटचं उत्तर आता सोपं झालं. तुमचा आत्ताचा छोटा प्रिंटर ठेवायचा असेल तर हातातला टॅब्लेट अँड्रॉइड घ्या, आणि आयपॅड मुख्य काउंटरवर लॅनच्या प्रिंटरसोबत राहू दे. मात्र तुमचं ॲप दोन्हीकडे चालतं का ते आधी बघा. काउंटरवरचा टॅब्लेट दिवसरात्र चार्जरवर असतो आणि त्याने बॅटरी फुगू शकते. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती लावा, नसेल तर रात्री चार्जर काढा. सिस्टीमचे अपडेट आपोआप होऊ देऊ नका, गर्दीचे दिवस संपल्यावर स्वतः करा.

पैसे देण्याआधी विक्रेत्याच्या समोर एवढं करून बघा: राउटर चालू ठेवून त्याचं इंटरनेट काढा आणि तीन बिलं करा, छापता छापता प्रिंटरचं झाकण उघडा, मग प्रिंटर बंद करून एक बिल पाठवा आणि पडद्यावर काय लिहून येतं ते वाचा. आणि आज घरी गेल्यावर त्या छोट्या प्रिंटरचं कागद सरकवायचं बटण दाबून धरून तो चालू करा. बहुतेक प्रिंटर यावर स्वतःची माहिती छापतात. त्यात ब्लूटूथच्या ओळीत काय लिहिलंय ते आणि तुमच्या ॲपचं नाव इथे लिहा. बीएलई निघालं तर कदाचित आयपॅडवरच त्याचं काम होईल आणि नवीन काही घ्यावं लागणार नाही.