वाचक विचारतात : डास चाववून घेणारे आणि त्यांना पत्रं लिहिणारा डॉक्टर

गेल्या अंकात डेंग्यूवर लिहिताना ओघात एक वाक्य टाकलं होतं, की पीतज्वराचा, म्हणजे यलो फीवरचा, डासाशी संबंध आहे हे सिद्ध करायला १९०० साली क्यूबात माणसांनी मुद्दाम डास चाववून घेतले. लेख सगळा डेंग्यूचा, पालिकेच्या नोटिशींचा, पिंपांचा, आणि पत्रं आली ती याच एका वाक्यावर. त्यातली तीन घेतोय.

प्रश्न : काका, यलो फीवर म्हणजे आपली कावीळच ना? आमच्याकडे दोन पार्ट्या पडल्यात. (एक वाचक, लालबाग)

उत्तर : नाही हो. डोळे दोन्हीत पिवळे होतात म्हणून गोंधळ होतो. कावीळ हे लक्षण आहे, लिव्हर बिघडलं की दिसतं, कारणं पन्नास. पीतज्वर हा एका ठरावीक व्हायरसचा आजार, आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत सापडणारा, आणि शहरात तो नेतो एडिस इजिप्ती डास, म्हणजे तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीखालच्या बशीत वाढणारा, पायावर पांढरे पट्टेवाला, आपल्याला डेंग्यू देतो तोच. हात चुन्याच्या पाण्यात घालून उतरवून घेण्यातला हा प्रकार नव्हे. (कावीळही त्यानं उतरत नाही, पण त्यावर लिहिलं की मला वेगळी पत्रं येतात.)

प्रश्न : काका, मी कलिन्याला इतिहासात एमए करतेय, प्रबंध पालिकेच्या डास निर्मूलनावर. रिटायर झालेल्या कामगारांना भेटते, जे गावी गेलेत त्यांना पत्रं पाठवते. तुमचं वाक्य वाचून शोधलं तर कळलं की हेंच नावाच्या डॉक्टरने क्यूबातल्या त्या माणसांना तीस-चाळीस वर्षांनी पत्रं लिहून माहिती जमवली होती. आमचे सर म्हणतात इतक्या उशिरा लिहिलेल्या पत्राला पुरावा म्हणून काय किंमत? आणि खरंच, माझे एक आजोबा एकच गोष्ट दोन वेळा दोन तऱ्हेने सांगतात. मग मी हे सगळं करू की सोडून देऊ? (एक वाचक, सांताक्रूझ)

उत्तर : सोडू नकोस. सरांचं निम्मं बरोबर आहे, उरलेल्या निम्म्यासाठी हा हेंच बघ.

फिलिप हेंच मेयो क्लिनिकमधला संधिवाताचा डॉक्टर, कॉर्टिझोनसाठी १९५० चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यातला एक. पीतज्वराशी त्याचा कामाचा काडीचा संबंध नाही, नुसता नाद. १९३७ च्या सुमारास त्यानं प्रयोगातले जे जिवंत होते त्यांना, आणि जे गेले त्यांच्या घरच्यांना पत्रं लिहायला घेतली आणि ते खूळ १९६५ ला तो गेला तेव्हाच संपलं. पुस्तक लिहायचं होतं, ते झालंच नाही. तो ढीग आता व्हर्जिनिया विद्यापीठात आहे, पुष्कळसा स्कॅन करून नेटवर टाकलेला, रात्री जेवून बसलीस तर दूधवाला येईपर्यंत उठणार नाहीस.

आता प्रयोग थोडक्यात, कारण इतर वाचकांनीही विचारलंय. डासाचा संशय हवानाच्या कार्लोस फिनले या डॉक्टरनं १८८१ सालीच मांडला होता, लोकांनी वीस वर्षं हसण्यावारी नेला. १९०० मध्ये अमेरिकन लष्करानं चौघांचं मंडळ नेमलं, वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, जेसी लझिअर आणि अग्रामाँटे, आणि फिनलेनं त्यांना आपल्याकडची डासांची अंडी दिली. नाव झालं रीडचं, पण ऑगस्टअखेर कॅरोलनं स्वतःला डास चाववून घेतला आणि तो मरता मरता वाचला, आणि सप्टेंबरात लझिअर तापानं फणफणला, तेव्हा रीड क्यूबात नव्हताच, वॉशिंग्टनला होता. लझिअर २५ सप्टेंबरला गेला, वय ३४.

मग हवानाजवळ त्याच्याच नावानं कॅम्प लझिअर उभा केला, दोन लाकडी घरं. पहिलं चौदा बाय वीस फूट, म्हणजे बीडीडी चाळीतल्या दोन खोल्या एक केल्या तर त्याहूनही थोडं कमीच. खिडक्या बारक्या, हवा खेळू नये अशाच ठेवलेल्या, आत स्टोव्ह पेटवून उकाडा केलेला, आणि पेट्यांमध्ये पीतज्वरानं आजारी पडलेल्या, मेलेल्या माणसांच्या चादरी, उशा, कपडे, उलट्या-मलमूत्रानं माखलेले, न धुतलेले. एक डॉक्टर आणि दोन शिपाई आत गेले, पेट्या उघडल्या आणि नाक दाबून बाहेर पळाले. आणि मग परत आत गेले, त्याच चादरी अंथरून झोपले, सलग वीस रात्री. कुणाला काही झालं नाही. दुसरं घर स्वच्छ, हवेशीर, मधोमध तारेची जाळी. जाळीच्या एका बाजूला पंधरा डास सोडले आणि २१ डिसेंबरला जॉन मोरन नावाचा तरुण तिकडे जाऊन पडून राहिला, नाताळच्या सकाळी त्याला ताप. जाळीपलीकडे तीच हवा घेत झोपलेले ठणठणीत. घाणीनं, कपड्यांनी ताप पसरतो ही समजूत तिथे संपली. कॅम्पात मरण एकही नाही, हे नशीबच म्हणायचं.

आता तुझा मुद्दा. या मोरनला हेंच पत्रं लिहायचा तेव्हा तो म्हातारा होऊन हवानातच राहत होता. माणूस एक गोष्ट चाळीस वर्षं सांगतो तेव्हा ती गुळगुळीत होते. रीडनं पुढे आलेल्या शिपायांना कडक सलाम ठोकला ही गोष्ट पुस्तकापुस्तकातून फिरते, मला ती जरा जास्तच छान वाटते, म्हणून मी ती जपूनच घेतो. आमच्या मामाआजोबांच्या चाळीत १९४४ च्या गोदी स्फोटात सोन्याची वीट पडली होती. गिरगावातल्या प्रत्येक मामाआजोबांच्या चाळीत पडली होती, बोटीवर तेवढं सोनंच नव्हतं! पण त्याच मामाआजोबांना विचारलं की त्या दिवशी दुपारी तुम्ही काय करत होता, तर ते म्हणायचे पाळण्याला दोरी बांधत होतो आणि कडीच निखळली. कडीबद्दल कोण खोटं बोलेल?

हेंचनं ते बरोबर ओळखलं होतं असं मला वाटतं. तो बारीकसारीक विचारत राहिला, कोण कुठे उभं होतं, घर कुठल्या अंगाला होतं, आणि अशाच आठवणी जुळवत जुळवत १९४० च्या सुमारास मोरनला घेऊन त्यानं ती जागा शोधून काढली. पहिलं घर, ते चादरींचं, एका शेतात अजून उभं होतं. पत्रातली आठवण आणि समोर भिंत. सरांना हे सांग.

दुसरं, त्या वेळचं पत्र आणि नंतरचं पत्र वेगवेगळ्या फायलीत ठेव. लझिअरनं ८ सप्टेंबर १९०० ला बायकोला लिहिलंय की आपण बहुतेक खऱ्या जंतूच्या मागावर आहोत, पण इतक्यात कुणाला काही बोलू नकोस, सुगावासुद्धा लागू देऊ नकोस. त्यानंतर सतरा दिवसांत माणूस संपला. त्यानं स्वतः डास चाववून घेतला की हॉस्पिटलात चुकून चावला यावर नंतर लोकांनी ढीगभर लिहिलं, तो स्वतः आजारपणात चुकून चावला म्हणाला, रीडला त्याची वही बघून शंका आली. पण त्या ८ तारखेच्या पत्रात पुढचं काहीच माहीत नसलेला माणूस बोलतोय. नंतरच्या कुठल्याही आठवणीत ते येणार नाही.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात टोचतं. डास चाववून घेणाऱ्यांत नुकतेच क्यूबात उतरलेले स्पॅनिश मजूरही होते. त्यांच्याशी लेखी करार केला होता, स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हीत, वय पंचवीसच्या वर, शंभर डॉलर सोन्यात, ताप आला तर आणखी शंभर. त्या काळात ही मोठीच गोष्ट, कारण तीनच वर्षांपूर्वी सानारेल्ली नावाच्या इटालियनानं जंतू सापडला म्हणून पेशंटना न विचारता इंजेक्शनं टोचली होती आणि त्यावर डॉक्टरांतूनच बोंब झाली होती. पण करारातलं एक कलम वाच. या बेटावर राहायचं तर ताप टळणं शक्यच नाही, तेव्हा चांगल्या डॉक्टरांच्या देखरेखीत तो मुद्दाम घेतलेला बरा, असं सही करणारा म्हणतोय. म्हणजे म्हणतोय कोण? लिहून दिलंय दुसऱ्यानंच. सही त्याची, वाक्य साहेबाचं. १९२९ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं या प्रयोगातल्या लोकांना सुवर्णपदकं आणि पेन्शन दिलं, त्या यादीत या मजुरांची नावं नाहीत. पत्र त्यालाच जातं ज्याचा पत्ता कुणाच्या तरी वहीत असतो.

हे लांबचं वाटत असेल तर भायखळ्याला ये. हाफकिननं प्लेगची लस १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. कैदी आपणहून तयार झाले अशी नोंद आहे. असेलही, पण तुरुंगातल्या ‘आपणहून’चं वजन किती धरायचं हे त्यातल्या एखाद्याला तीस वर्षांनी विचारलं असतं तर आज आपल्याला परळच्या संस्थेवरच्या नावाइतकंच ते पत्रही महत्त्वाचं वाटलं असतं.

म्हणून तुझी यादी आधी बघ. मुकादम किती, अधिकारी किती, आणि रोज शिडी लावून गच्चीवरच्या टाक्यांत डोकावणारे किती? त्यांना ‘मोहिमेचा अनुभव सांगा’ असं विचारू नकोस, भाषण मिळेल. शिडी कुठून आणायचे विचार, सोसायटीवाले किल्ली द्यायचे का, गप्पी मासे कशातून न्यायचे, अळी दिसली की वहीत काय लिहायचे. आजोबा दोन वेळा दोन तऱ्हेनं सांगतात ना, दोन्ही लिही, तारखेसकट. आणि पाकिटात उलट टपालाचं पाकीट पत्ता घालून, तिकीट लावून ठेव, गावी पोस्टात कोण जाणार हा मुख्य प्रश्न असतो.

प्रश्न : मुलाला केनियात नोकरी लागलीये. यलो फीवरचं इंजेक्शन घ्यायला लावतायत. आपल्याकडे हा आजारच नाही तर एवढं अवडंबर कशाला? (एक आई, काळाचौकी)

उत्तर : ताई, आजार नाही म्हणूनच. डास आपल्याकडे रग्गड आहे, व्हायरस तेवढा आलेला नाही. ही भीती जुनी आहे, पनामा कालवा उघडायच्या वेळी, १९१४ च्या आसपास, हिंदुस्थान सरकारही धास्तावलं होतं. आणि गंमत बघा, या व्हायरसवर लॅबमध्ये धड काम सुरू झालं ते १९२७ साली आपल्याच माकडांमुळे. पश्चिम आफ्रिकेतल्या असिबी नावाच्या तरुणाचं रक्त घेतलं, तिथली माकडं त्यानं फारशी आजारी पडत नव्हती, भारतातून नेलेली लाल तोंडाची माकडं मात्र पटापट मेली. असिबी स्वतः बरा झाला. त्याच रक्तातला व्हायरस पुढे कोंबडीच्या गर्भातल्या पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून मॅक्स थायलरनं १९३७ साली लस केली, त्याला नोबेल मिळालं, आणि तुमच्या मुलाच्या दंडात जाणारी लस त्याच वंशातली.

एक डोस पुरतो, २०१६ च्या जुलैपासून सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, पण ते लागू होतं टोचल्यानंतर दहा दिवसांनी, तेव्हा तिकिटाच्या आदल्या दिवशी धावू नका. सर्टिफिकेट नसताना परत आला तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस जिवंत व्हायरसची आहे, म्हणून अंड्याची जोरदार ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू असेल तर तिथल्या डॉक्टरला आधी सांगायचं. सरकारमान्य केंद्रावरच घ्या, पोर्ट हेल्थ किंवा एअरपोर्ट हेल्थकडे. एका बाटलीत बरेच डोस असतात आणि ती फोडली की काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे ठरलेल्या वारीच बोलावतात. मूळ पासपोर्ट न्यायला सांगा, झेरॉक्स नको, आणि पिवळ्या कार्डावर नाव आणि पासपोर्ट नंबर तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर ताडून घ्यायला सांगा, माझ्या पुतण्याच्या कार्डावर आडनावातला एक ‘र’ गळला होता आणि त्यासाठी दुसरी खेप पडली.