ग्रिड अँटेना लावला आणि मेश ढेपाळली

प्रश्न : चार घरांवरचे २.४ गिगाहर्ट्‌झचे राउटर ॲड-हॉक मोडमध्ये, म्हणजे थेट एकमेकांशी जोडून, बॅटमॅन-ॲडव्ह या मार्ग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलवर मेश म्हणून चालतात. मधल्या घराचा ओम्नी, म्हणजे चहूकडे सिग्नल देणारा अँटेना, काढून २४ डीबीआयचा (डीबीआय हे अँटेना ताकद किती एकवटतो त्याचं माप) एकाच दिशेचा जाळीदार ग्रिड लावला आणि दूरच्या घराकडे वळवला. तिकडचा सिग्नल वाढला, पण उरलेली दोन घरं सारखी तुटतात. असं का?

उत्तर : ग्रिड नवी ताकद निर्माण करत नाही. चहूकडे जाणारी ताकदच तो साधारण आठ अंशांच्या झोतात गोळा करतो. त्या झोताबाहेरच्यांसाठी मधला राउटर जवळजवळ बहिरा झाला आहे. बाजूचं घर फ्रेम (माहितीचं पाकीट) पाठवतं, पोच येत नाही. टक्कर झाली असावी असं समजून ते दर खेपेला थांबण्याची मुदत दुप्पट करतं आणि ठरलेले प्रयत्न संपले की फ्रेम टाकून देतं. राउटिंगची अवस्था याहून वाईट. बॅटमॅनचे ओजीएम, म्हणजे ‘मी इथे आहे’ असं कळवणारे संदेश, ब्रॉडकास्ट (एकदम सगळ्यांसाठी) असतात, त्यांना पोचही नसते आणि फेरप्रयत्नही. ते हरवत राहिले की शेजारी गेलाच असं धरलं जातं.

तेव्हा मधल्या घरी ओम्नी परत चढवा आणि ग्रिडला स्वतंत्र रेडिओ द्या. मेश चॅनल १ वर असेल तर ग्रिड ११ वर ठेवा, दोन्ही इंटरफेस एकाच बॅट-झिरोत (बॅटमॅनच्या आभासी इंटरफेसात) जोडा. खांबावर दोन्ही अँटेनांत दीड-दोन मीटर उभं अंतर हवं. स्प्लिटर लावून दोन्ही अँटेना एकाच रेडिओवर चालवायचा मोह होईल, पण त्यात प्रत्येकाचे किमान ३ डीबी, म्हणजे अर्धी ताकद, जाते. बाजूची दोन घरं एकमेकांना ऐकू येत नसतील तर तिथे आरटीएसची (पाठवण्याआधी परवानगी मागणाऱ्या संदेशाची) मर्यादा ५०० बाइटवर आणा. मधल्या ओम्नीचा सीटीएस (परवानगी देणारा संदेश) दोघांनाही पोचतो, म्हणून हा उपाय लागू पडतो.

वेगळा चॅनल खरंच लागतो का? लागतो. एकाच खांबावर एक रेडिओ बोलत असताना शेजारचा ऐकू पाहतो, तेव्हा साइड लोबमधून (मुख्य झोताच्या बाजूंना गळणाऱ्या लहरींतून) येणारा आवाज त्याला बुडवतो. संशोधक भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ मध्ये मांडलेल्या ‘२पी’ पद्धतीत खांबावरचे सगळे रेडिओ एकाच वेळी बोलतात किंवा एकाच वेळी ऐकतात, म्हणून तिथे एक चॅनल पुरतो. बाजारातल्या साध्या राउटरला हे जमत नाही.

प्रश्न : ४ किलोमीटरच्या लिंकवर सिग्नल उणे ६२ डीबीएम, म्हणजे चांगला आहे, तरी वेग रांगतो.

उत्तर : आधी पोचेची मुदत तपासा. ४ किलोमीटर जाऊन परत यायला लहरीला सुमारे २७ मायक्रोसेकंद लागतात. घरगुती अंतर धरून बसलेला राउटर त्याआधीच फ्रेम हरवली असं समजून ती पुन्हा पाठवतो. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डिस्टन्स’ला ४२०० मीटर द्या, दोन्ही टोकांना. फेरप्रयत्नांचा आकडा लगेच उतरला तर दोष हाच होता.

नाही उतरला तर मधली झाडं बघा. या अंतराला फ्रेनेल झोनची (नजरेच्या रेषेभोवती लहरीला लागणाऱ्या मोकळ्या जागेची) त्रिज्या मध्यावर ११ मीटर असते. नजरेची रेषा मोकळी असून भागत नाही, तिच्याखाली निदान पावणेसात मीटर रिकामे हवेत. पावसाळ्यात पालवी वाढली की उन्हाळ्यात चाललेली लिंक ढासळते ती इथेच. शिवाय दोन्ही ग्रिडच्या सळ्या एकाच दिशेत आहेत ना, ते पाहा. एक उभा आणि दुसरा आडवा बसवला तर २० डीबीच्या आसपास नुकसान होतं.

प्रश्न : २० डीबीएमच्या राउटरला २४ डीबीआयचा ग्रिड चालेल?

उत्तर : राउटर आहे तसा ठेवून नाही. बेरीज ४४ डीबीएम, म्हणजे २५ वॅट होते. भारतात या पट्ट्यात विनापरवाना मर्यादा ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम आहे. राउटर १२ डीबीएमवर उतरवा. ऐकताना मिळणारे २४ डीबी तरीही पूर्ण हाती राहतात, आणि लांबच्या लिंकला खरा आधार त्यांचाच असतो. केबल आखूड ठेवा. आरजी-५८ ही पातळ केबल या पट्ट्यात मीटरमागे सुमारे १ डीबी खाते.