गोळ्या बंद कधी करायच्या?

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या कुत्रीला पेम्फिगस फोलिएशस हा त्वचेचा आजार झाल्याचं बायोप्सीत निघालं. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी नाकावरच्या, कानांवरच्या खपल्या गेल्या. पण ती सारखी पाणी पिते, घरात लघवी करते, खा-खा करते. आता गोळ्या थांबवू का?

उत्तर : नाही, एकदम मुळीच थांबवू नका. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या प्रथिनांवरच हल्ला करते. औषध तो हल्ला दाबून धरतं, मुळातून काढत नाही. शिवाय स्टेरॉइड चालू असताना शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड बनवणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं काम कमी करतात. गोळी अचानक तोडली तर कुत्री कोसळू शकते. डोस आठवड्या-आठवड्यांनी, डॉक्टरांच्या हिशेबानेच उतरवायचा.

तहान, लघवी, भूक हे स्टेरॉइडचेच परिणाम. तिला रागावू नका हो, तिच्या हातात नाही ते. पाणी तर कधीच तोडू नका. बाहेर जास्त वेळा न्या. खाणं मात्र मोजूनच द्या.

स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून अझाथायोप्रिन किंवा सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध जोडता येतं, डॉक्टरांना विचारा. अझाथायोप्रिनचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. ते अस्थिमज्जा आणि यकृताला त्रास देऊ शकतं, म्हणून सुरुवातीला साधारण दर दोन आठवड्यांनी रक्ततपासणी हवीच. ती टाळलेली मला अजिबात चालत नाही. घरात मांजर असेल तर ही गोळी तिच्यापासून लांब ठेवा, मांजरांना ती फार घातक.

आणि लंगडली म्हणून घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका. स्टेरॉइडसोबत पोटात व्रण होतात. काळी शी, ताप किंवा मलूलपणा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.