चोराचा माग आणि गावाचा दंड

प्रिय मनू,

शाळेत मध्ययुगीन इंग्लंडचा धडा सुरू झाला आणि तू विचारलंस, "तिथे पोलीस नव्हते, मग आपल्याकडे गावात चोर कोण पकडायचं?" पोलीस आपल्याकडेही नव्हते. दोन्हीकडे चोर शोधायचं काम अख्ख्या गावाचं, आणि तो हाती लागला नाही तर भुर्दंडही गावालाच.

आधी इंग्लंड, कारण शेरिफ म्हणजे राजाच्या जिल्हा-अधिकाऱ्याच्या रुबाबात खरी राबणारी माणसं दिसेनाशी होतात. बारा वर्षं पूर्ण झाली की मुलाला साधारण दहाजणांच्या एका गटात नाव घालावं लागे. त्या गटाला टायदिंग म्हणत. त्यातल्या एकाने गुन्हा केला तर बाकीच्यांनी त्याला हजर करायचं, नाहीतर सगळ्यांना दंड. बायका, पाद्री आणि सरदार यातून वगळलेले. म्हणजे तुझ्या वर्गातले मुलगे एकमेकांचे जामीन झाले असते, तू नाही. पण चोरी किंवा खून दिसला की ओरडायचं कर्तव्य तुलाही चुकलं नसतं. हाकाटी ऐकली की हातातलं काम टाकून धावायचं, आणि हद्द आली की पाठलाग पुढच्या गावाने उचलायचा. जे गाव धावलं नाही त्याला दंड, आणि उगाच ओरडणाऱ्यालाही दंड.

१२८५ मध्ये पहिल्या एडवर्ड राजाने विंचेस्टरचा कायदा करून हे सगळं बारकाईने बांधलं. तटबंदीच्या गावांच्या वेशी सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत बंद. मे महिन्याच्या सुमारापासून सप्टेंबरअखेरपर्यंत रात्रीचा पहारा: मोठ्या शहरात प्रत्येक दरवाजावर ६ माणसं, लहान शहरात सगळी मिळून १२, खेड्यात वस्तीप्रमाणे ४ किंवा ६. अनोळखी माणूस दिसला तर सकाळपर्यंत अडकवून ठेवायचा. बाजारगावांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंची २०० फुटांपर्यंतची झुडपं तोडायची, म्हणजे दरोडेखोराला दबा धरता येऊ नये; मोठी झाडं मात्र राखायची. १५ ते ६० वर्षांच्या प्रत्येक पुरुषाने ऐपतीप्रमाणे हत्यार बाळगायचं. आणि दरोड्यानंतर ठरलेल्या मुदतीत गुन्हेगार हजर झाला नाही, तर तालुक्याएवढ्या त्या सगळ्या विभागाने भरपाई द्यायची.

एवढं करूनही पुष्कळ आरोपी पळूनच जात. चर्चमध्ये शिरला तर ४० दिवस हात लावता येत नसे. मग त्याने कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा राजाचा अधिकारी, त्याच्यासमोर गुन्हा कबूल करायचा आणि नेमून दिलेल्या बंदरातून कायमचा देश सोडायचा. शिवाय गावाला दंड कशाचाही होई. कॉरोनर येण्याआधी प्रेत पुरलं, तरी दंड! अशाने लोक डोळेझाक करायला शिकतात, यात नवल नाही.

आता आपलं गाव. बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची, लिखापढी कुलकर्ण्याची. वेशीवर महार, म्हणून त्याला वेसकर म्हणत. गावात कोण आलं, कोण गेलं, शिवेचा कुठला दगड कुठे आहे, हे त्याला ठाऊक, आणि शिवेच्या भांडणात त्याची साक्ष वजनदार. तरी त्याची वस्ती वेशीबाहेर. हे वाचून तुला राग आला तर येऊ दे.

पुणे-साताऱ्याकडे रात्रीची राखण रामोशांकडे असे. चोरी झाली की रामोशी पावलांचा माग काढत निघे. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला, तर तिथल्या राखणदाराला दाखवायचा; तिथून पुढे काम त्याचं. ज्या गावात माग संपेल त्याने चोर तरी द्यावा, नाहीतर चोरीची भरपाई. आधी रामोशाने ऐपतीप्रमाणे भरायचं, उरलेलं गावाने. इंग्लंडात आवाज हद्द ओलांडे, आपल्याकडे पाऊल. मला आपली रीत जास्त नेमकी वाटते, पण वळवाच्या पावसाने माग पुसला की संपलं. खडकाळ माळावर किंवा गुरं चालून गेलेल्या वाटेवरही तेच, आणि मग दोन गावांत वाद: माग आमच्याकडे आलाच नाही.

वतन, हक्क, शीव यांचे तंटे गोतसभेत, म्हणजे गावच्या वतनदारांच्या आणि जाणत्यांच्या सभेत चालत. निकालाचा कागद म्हणजे महजर. त्यावर ज्याने-त्याने आपली निशाणी करायची, पाटलाची नांगर. साक्षीपुराव्याने सुटलं नाही तर दिव्य, म्हणजे खरंखोटं देवावर सोपवणारी परीक्षा. रवादिव्यात तापलेल्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. त्याआधी हात साबणाने धुवून नखं काढत, म्हणजे काही लावलेलं असू नये. नंतर हात पिशवीत घालून मोहोर करत आणि तिसऱ्या दिवशी पाहत. इंग्लंडात तापलेलं लोखंड घेऊन नऊ फूट चालायचं, हात बांधायचा आणि तोही तिसऱ्या दिवशीच सोडायचा. दोन्हीकडे जखम कशी दिसते हे माणसंच ठरवत, त्यामुळे पाहणाऱ्याची मर्जी आड येणारच. १२१५ मध्ये पोपच्या धर्मसभेने पाद्र्यांना यात भाग घ्यायला मनाई केली, तेव्हा इंग्लंडात ज्यूरी पुढे आली. आपल्याकडे दिव्यं पेशवाईतही होत होती.

वर्गात सांगताना काळाची गल्लत करू नकोस. विंचेस्टरचा कायदा झाला तेव्हा देवगिरीवर रामचंद्र यादव राज्य करत होता. मी लिहिलेली गोतसभा आणि दिव्याची माहिती मात्र बरीचशी १७व्या-१८व्या शतकातल्या कागदांतून आलेली, आणि मागाच्या रीतीचं सविस्तर वर्णन एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये केलं. बाईंनी विचारलं तर हे साल सांग.

तुझी,
आई