हेडफोनवाल्या कंपनीचा गेमिंग माउस घेताय?

कंपनीचे हेडफोन चांगले आहेत म्हणून माउसही चांगलाच असेल, असं धरून चालू नका. पण तेवढ्यावरून नाकारूही नका. बहुतेक कंपन्या सेन्सर, म्हणजे माउसची हालचाल टिपणारा भाग, स्वतः बनवत नाहीत, पिक्सआर्टसारख्या कंपनीकडून घेतात. म्हणून खोक्यावरच्या नावापेक्षा आतला सेन्सर कोणता ते बघा.

त्याआधी मात्र आकार. माउस हातात घ्या आणि निदान १० मिनिटं वापरा. तळवा पूर्ण टेकतो की नुसत्या बोटांनी धरता? करंगळी पॅडवर घासते का? बाजूची बटणं पकड न बदलता अंगठ्याला सापडतात का? इथे जमलं नाही तर पुढचं काही बघूच नका.

नवीन असताना हमखास होणाऱ्या चुका:

- डीपीआयच्या (माउस इंचभर सरकला की सेन्सर किती टप्पे मोजतो त्याच्या) मोठ्या आकड्याला भुलणं. ४०० ते १६०० मध्ये बहुतेकांचं छान भागतं.
- विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' (हाताच्या वेगानुसार पॉइंटर कमी-जास्त सरकवणारं सेटिंग) चालू ठेवून सेन्सरला दोष देणं. ते आधी बंद करा.
- वायरकडे दुर्लक्ष. ताठ वायर पॅडच्या कडेला अडते आणि नेम चुकतो.

पोलिंग रेट १००० हर्ट्झ, म्हणजे माउसकडून कॉम्प्युटरला दर मिलिसेकंदाला एक नोंद, एवढा असला की पुरे. लिफ्ट-ऑफ (माउस किती उचलला की सेन्सर हालचाल टिपणं थांबवतो) वगैरे सध्या सोडा. आठवडाभर एकाच सेन्सिटिव्हिटीवर (माउस हलवला की पॉइंटर किती सरकतो त्या सेटिंगवर) मनसोक्त खेळा, मगच मत बनवा.