बॅरिटोनकडून टेनरकडे वळू पाहणाऱ्या तरुण गायकास

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा पुरुषी आवाज, म्हणून ऑपेराचे शिक्षण घेतल्यानंतर आता टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुषी आवाज, व्हावे, असे तुझ्या मनात आहे आणि त्यासाठी तू दक्षिण कोरियाचे ऑपेरा-गायक सोकजोंग बेक यांचा दाखला दिला आहेस. दाखला उत्तम आहे; मात्र त्यावरून तू बांधलेला झटपट यशाचा आडाखा मला पटत नाही.

बेक न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये शिकले आणि बरीच वर्षे बॅरिटोन म्हणून गात राहिले. करोनाच्या साथीत रंगमंच बंद पडले, त्या काळात त्यांनी आवाज टेनरच्या अंगाने नव्याने घडवला. पुढे २०२२ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये ‘सॅमसन ए दलीला’ व्हायची होती. सॅमसनसाठी ठरलेले निकी स्पेन्स यांचे दोन्ही पाय मोडले आणि ती भूमिका बेक यांच्याकडे आली. त्याच उन्हाळ्यात ‘काव्हालेरिया रुस्तिकाना’मधून योनास काउफमान यांनी माघार घेतली, तेव्हा त्यातील नायक तुरिद्दूही बेक यांनीच गायला. यानंतर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात २०२३ मध्ये ‘नाबुक्को’तील इस्माएले आणि २०२४ मध्ये ‘तुरांदोत’मधील कालाफ.

लोक याला नशीब म्हणतात. मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या अडचणीमुळे दार उघडते हे खरे, पण सॅमसनसारखी फ्रेंचमधील प्रदीर्घ भूमिका आयत्या वेळी गळ्यात बसत नाही. बोलावणे येण्याआधी जे तयार असते तेच रंगमंचावर गाता येते.

आता तुझ्या आवाजाविषयी. एखादा वरचा स्वर लागतो म्हणून कोणी टेनर होत नाही. छातीचा आवाज जिथे वळण घेतो तो सांधा, ज्याला इटालियन गुरू पासाज्जो म्हणतात, टेनरमध्ये साधारण पियानोवरील मधल्या ‘सी’ स्वराच्या वरच्या ‘ई’ ते ‘जी’ या पट्ट्यात येतो, तर बॅरिटोनमध्ये त्याहून खाली. त्या पट्ट्यात ताण न देता अख्खा अंक गाता येतो का, हीच खरी कसोटी आहे. ‘तुरांदोत’मधील कालाफच्या ‘नेस्सुन दोर्मा’ या गाण्याच्या शेवटचा उंच ‘बी’ तू मला अभिमानाने ऐकवलास; पण कालाफला त्याआधी दुसऱ्या अंकात, ध्वनिवर्धकाशिवाय, भरगच्च वाद्यवृंदावरून आणि तुरांदोतच्या धारदार सोप्रानोसमोर (सोप्रानो म्हणजे सर्वांत उंच स्त्री-आवाज) ऐकू जायचे असते. हे काम वर्षानुवर्षांच्या दमसासाचे आहे. म्हणून आधी हलक्या भूमिका घे. कालाफला वाट पाहू दे.

आपल्याकडे ऑपेराची परंपरा नाही, अशी खंत तू लिहिली आहेस. कोरियातही ती जुनी नव्हे. सोलमध्ये पहिला ऑपेरा, ‘ला त्राव्हियाता’, १९४८ च्या जानेवारीत झाला आणि त्यामागे ली इन-सन हे पेशाने डॉक्टर असलेले टेनर होते. त्यानंतर साठ वर्षांच्या आत, २००७ मध्ये, मेट्रोपॉलिटनच्या मंचावर त्याच ऑपेराचे नायक-नायिका म्हणून किम वू-क्युंग आणि हाँग हे-क्युंग हे दोघेही कोरियन गायक उभे राहिले. उच्चारांच्या बाबतीत तर तुझी बाजू बळकट आहे: मराठीचे दंत्य त आणि द इटालियनला फार जवळचे आहेत. फक्त ‘फ’ ओठ-दातांचा कर आणि महाप्राण आवर.

एक गोष्ट घरच्यांशी मोकळेपणाने बोल. कोरियन टेनर ली योंग-हून २०१० मध्ये मेट्रोपॉलिटनमध्ये ‘डॉन कार्लो’ गायले, पण स्वतःच्या देशात संपूर्ण ऑपेरा गाण्याचा योग त्यांना २०२३ मध्ये आला. शिवाय पाहुण्या गायकाचे मानधन सहसा प्रयोगागणिक असते. घसा बसला आणि प्रयोग चुकला, तर त्या रात्रीची कमाई बुडते. उमेदीच्या काळात जर्मनीतील एखाद्या ऑपेरा-गृहाची पगारी नोकरी मिळाली तर ती कमी लेखू नकोस, कारण तिथे एका हंगामात अनेक भूमिका अंगवळणी पडतात.

तूर्त सहा महिने कोणतीही आवाज-चाचणी देऊ नकोस. ‘ई’ ते ‘जी’ या पट्ट्यातील स्वराभ्यास, मोठ्या आवाजात नव्हे तर मध्यम आवाजात, ध्वनिमुद्रित करून मला पाठव. तो ऐकल्यावरच तुझ्या गुरूंशी मी बोलेन.

तुझा हितचिंतक