नीतितत्त्वज्ञ आणि हौशी नट, दोन्ही असलेली कोणी व्यक्ती झाली आहे का?

हो, आयरिस मर्डॉक. जन्म डब्लिनचा, १९१९ चा. ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना ऑगस्ट १९३९ मध्ये, महायुद्ध तोंडावर आलेलं असताना, ती 'मॅगपाय प्लेयर्स' या विद्यार्थ्यांच्या नाटकमंडळीबरोबर इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड भागात गावोगावी प्रयोग करत फिरली. नाटक तिनं पेशा म्हणून धरलं नाही. युद्धकाळात ब्रिटिश अर्थखात्यात नोकरी, मग निर्वासितांच्या छावण्यांत काम आणि १९४८ पासून ऑक्सफर्डच्या सेंट अ‍ॅन्स कॉलेजात पंधरा वर्षं तत्त्वज्ञानाचं अध्यापन. कादंबऱ्या लिहिल्या त्या वेगळ्याच. १९७८ चं बुकर मिळालेल्या कादंबरीचा नायक निवृत्त नाट्यदिग्दर्शक आहे.

पण तिचं खरं मोठेपण मला तिच्या सासू-सुनेच्या उदाहरणात दिसतं. सासूला सून उथळ, पोरकट वाटते. वागण्यात मात्र ती कधीच हे दिसू देत नाही, बाहेरून सगळं निर्दोष. पुढे ती स्वतःलाच बजावते, 'माझ्या मनात आकस असेल, पुन्हा नीट बघू.' हळूहळू तीच सून तिला मोकळी, उत्साही दिसू लागते. वागण्यात काडीचाही फरक पडलेला नसतो, तरी नैतिकदृष्ट्या काहीतरी घडलेलं असतं! त्या काळचे बरेच तत्त्वज्ञ निवड आणि कृती यांवरच भर देत होते. मर्डॉकनं नजरेला, लक्ष देऊन पाहण्याला नीतीच्या केंद्रस्थानी आणलं. यातली प्रेरणा फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन वेलची, हे ती स्वतःच सांगते. आपल्या घराघरांत हे उदाहरण लगेच पटेल, म्हणून तिला वाचायची सुरुवात ते ज्यात आहे त्या 'द आयडिया ऑफ परफेक्शन' या निबंधापासून करा.